सातव्या थरावरची हाडं

"काय करता तुम्ही?" असं कोणी विचारलं की मी सांगायचे, "हाडं मोजते." ऐकणारा आधी हसायचा आणि मग माझ्याकडे जरा संशयाने बघायचा, हिचा स्मशानाशी काही संबंध आहे की काय असा. दादरच्या आमच्या इमारतीत तर मी शेवटपर्यंत "एक्स-रेवाल्या बाई"च राहिले, आणि ते काही फार चुकीचं नव्हतं. परळच्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात मी क्ष-किरण तंत्रज्ञ होते. नोकरीची शेवटची वर्षं माझ्याकडे डेक्सा नावाचं यंत्र होतं. हाडं किती भरीव आहेत, हे त्यावर कळतं.

यंत्र दिसायला अगदी गरीब. एक लांब गादीचं टेबल आणि त्यावरून सरकणारा एक हात. सुई नाही, नळी नाही. माणसाने उताणं पडायचं, पायाखाली चौकोनी ठोकळा घ्यायचा आणि हलायचं नाही. वरचा हात कमरेवरून, मग खुब्यावरून हळूहळू फिरतो आणि पडद्यावर मणक्याची चित्रं उमटत जातात. अडचण असायची ती धातूची. आमच्या बायकांच्या अंगावर सेफ्टी पिना किती असतात हे फक्त मला आणि देवाला माहीत. माझ्या टेबलाच्या खणात एक डबी होती, त्यात विसरून गेलेल्या पिना. निवृत्त झाले तेव्हा ती काठोकाठ भरलेली होती.

येणाऱ्यांत बहुतेक साठी ओलांडलेल्या बायका. शिवाजी पार्काजवळच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका दरवर्षी टेबलावरून उठता उठता विचारायच्या, "किती पडले?" हाडं विरळ झाली की आकडा उणे येतो, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. "उणे गुण मी कुणाला कधी दिले नाहीत," म्हणायच्या.

तर अशा बायकांच्या रांगेत एके दिवशी एक पोरगा बसलेला दिसला. त्याला मी इथे सिद्धेश म्हणते. हे त्याचं खरं नाव नाही. लेख लिहू का, म्हणून त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "लिहा, पण नाव मी सांगतो ते घाला." ते त्याने सुचवलेलं नाव. ओळख पटेल अशा बाकीच्या गोष्टीही बदलल्या आहेत.

मला वाटलं, आजीला घेऊन आला असेल. नाव पुकारलं तर तोच उठला. वय बावीस, पण शाळेतला वाटावा असा. लहानखुरा, काटक, दंडाच्या शिरा तटतटलेल्या. एका मनगटावर नुकतंच प्लास्टर काढल्याची फिकट, सुरकुतलेली कातडी. त्याच्या मागोमाग एक बाई आत आल्या आणि आम्ही सगळेच शिंकायला लागलो. त्या लालबागला मसाला कांडपाच्या दुकानात कामाला होत्या. मिरचीची पूड त्यांच्या लुगड्यातून, केसांतून, पिशवीतून त्यांच्याबरोबर चालत यायची. मूळच्या मालवणकडच्या, पण जन्म गिरणगावातल्या चाळीत गेलेला. ही त्याची मावशी.

"माझो झील नाय तो, बहिणीचो," त्यांनी न विचारता सांगितलं. "पण माझोच."

चिठ्ठी एआरटी केंद्रातून आली होती. एचआयव्हीची औषधं जिथे मिळतात ते केंद्र. सिद्धेशला हा संसर्ग जन्मतःच आईकडून झालेला. वडील आधी गेले, तो चालायला लागला तेव्हा आई गेली आणि मावशीने त्याला उचलून आपल्या खोलीत आणलं. तिने स्वतः लग्न केलं नाही. चाळीत सगळ्यांना माहीत होतं ते एवढंच, की पोराचं रक्त कमी आहे आणि त्याला रोज टॉनिकची गोळी लागते.

मनगट कसं मोडलं, असं मी विचारलं.

"गॅलरीत पाणी सांडलं होतं. पाय सरकला, हात टेकला. बस."

"उंचावरून पडलास?"

"छे. उंचावरून मी पडत नाही." हे त्याने जरा तोऱ्यात सांगितलं.

"गोविंदा हा," मावशी म्हणाल्या. "सातव्या थरावर असता."

त्यांच्या पथकाचे आठ थर. सर्वांत वर एक लहानगा, आणि त्या लहानग्याला खांद्यावर घेऊन उभा राहणारा माणूस तो सिद्धेश. त्या जागेला वजनाने हलका पण डोक्याने मोठा माणूस लागतो. असा माणूस सहसा मिळत नाही.

इथे थोडं हाडांविषयी सांगायला हवं. हाड म्हणजे दगड नव्हे. चाळीच्या दुरुस्तीसारखं त्यात कायम काम चालू असतं. एकीकडून जुनं फोडत असतात, दुसरीकडून गवंडी नवं भरत असतात. लहानपणी आणि तरुणपणी गवंड्यांचा हात भरभर चालतो, त्यामुळे पंचविशी-तिशीपर्यंत हाडांचा साठा वाढत जातो. पुढचं सगळं आयुष्य माणूस त्या साठ्यावर काढतो. जन्मापासून एचआयव्ही असलेल्या मुलांत नेमकं या भरण्याच्या वयातच काम रेंगाळतं. विषाणू स्वतः त्रास देतो, लहानपणची आजारपणं देतात, भूक कमी असते, चाळीच्या खोलीत ऊन येत नाही, आणि काही औषधंही हाडांवर थोडा ताण टाकतात. पोरगा बाहेरून ठणठणीत दिसतो. आतला साठा मात्र अर्धवट भरलेला असतो. तरुणांचा अहवाल वाचताना आम्ही त्यांची तुलना त्यांच्याच वयाच्या इतरांशी करतो. सिद्धेशचा आकडा त्याच्या वयाच्या मानाने फारच खाली होता. पडद्यावर तो उमटला तेव्हा मी त्याचं नाव आणि वय पुन्हा एकदा तपासून पाहिलं.

पूर्वी अशी मुलं आमच्या खोलीपर्यंत पोचतच नसत, हेही सांगितलं पाहिजे. मी नोकरीला लागले त्या काळात ती बालरुग्ण विभागात दिसायची आणि मग दिसेनाशी व्हायची. त्यांच्या छातीचे फोटो मी काढलेले आहेत. तेव्हा त्यांच्या हाडांची काळजी कोण करणार? औषधं आली, मुलं जगली, मोठी झाली, कामाला लागली, म्हणून तर हाडांचा प्रश्न उभा राहिला. सिद्धेशला टेबलावर झोपवताना हे सारखं माझ्या मनात येत होतं.

एआरटी केंद्रातल्या डॉक्टर बाई तरुण होत्या, शांत बोलायच्या. अहवाल घेऊन दोघं त्यांच्यासमोर बसली तेव्हा मीही तिथे होते. त्यांनी नीट समजावलं. रोजच्या गोळीत तीन औषधं असतात, त्यातल्या एकाचा हाडांवर ताण पडतो, ते बदलून घेऊ, पण त्याला वरून मंजुरी लागते, तोवर आहे तीच गोळी चालू ठेवायची, एक दिवसही चुकवायची नाही. ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, सकाळचं ऊन, चालणं, जिने चढणं, उठाबशा. हाडांवर भार पडला की ती भरतात. सिगारेट ओढत असलास तर बंद.

"आणि थर?" सिद्धेशने विचारलं.

"नाही."

"हेल्मेट घालतो मी. दोर पण लावतात."

"मनगट गॅलरीत मोडलंय, सिद्धेश. वरून पडलास तर मणका मोडेल. पुढची तपासणी होईपर्यंत चढायचं नाही."

त्याने अहवालाची घडी घातली आणि तो उठला. जाताना मावशी मला म्हणाल्या, "ऐकतलो तो. माझा ऐकता." आणि पिशवीतून कागदाची एक पुडी काढून माझ्या हातात ठेवली. मालवणी मसाला. तो आम्ही घरी बरेच महिने पुरवून वापरला.

त्यानंतर मी त्याला पाहिलं ते श्रावणात, वॉर्डमध्ये. मी कामासाठी तिकडे गेले होते. व्हरांड्यात डबा मांडीवर घेऊन मावशी बसलेल्या दिसल्या. आज कोणाला शिंक आली नाही. त्या कामावर गेल्याच नव्हत्या.

"गोळये घेयत नव्हतो," त्या म्हणाल्या. एवढंच. त्यांचा आवाज पार बसला होता.

सिद्धेशने डॉक्टरांचं सगळं ऐकलं होतं आणि त्यातलं एक वाक्य उचललं होतं, की गोळीचा हाडांवर ताण पडतो. मग फोनवर कोणीतरी छातीठोकपणे बोलणाऱ्या माणसाचा व्हिडिओ पाहिला, की या गोळ्या हाडं आतून पोखरतात, त्या सोडल्या की हाडं आपोआप भरतात. त्याने हिशोब केला. गुरुपौर्णिमेला सराव सुरू होतो. तोवर गोळी सोडली तर दहीहंडीपर्यंत हाडं तयार. मावशी रोज जेवल्यावर गोळी हातावर ठेवायची. तो ती तोंडात टाकायचा, मोरीत जाऊन चूळ भरायचा आणि गोळी पाण्याबरोबर सोडून द्यायचा. सरावालाही जात होता. वजन उतरायला लागलं तेव्हा पथकातली पोरं खूश झाली, आणखी हलका झाला म्हणून. मग संध्याकाळचा ताप सुरू झाला, खोकला आला, आणि एके दिवशी चौथ्या थराला हात घालता घालता तो चक्कर येऊन खाली बसला. तपासण्या झाल्या. फुफ्फुसात टीबी, आणि औषधांनी इतकी वर्षं दाबून ठेवलेला विषाणू रक्तात पुन्हा पसरलेला.

मी त्याच्या खाटेजवळ गेले. तोंडाला मास्क, डोळे खोल गेलेले. मी ओरडणार होते. त्याला पाहिलं आणि जमलं नाही.

"कशाला असं केलंस रे?"

त्याने जरा दम घेतला. "मॅडम, लहानपणी मी वर्गात सगळ्यात छोटा. पाचवीत होतो तरी लोक विचारायचे, दुसरीत का? पोरं उचलून बाकावर ठेवायची. जाम चिडवायची. मग पथकात गेलो. तिथे तेच कामाला आलं. दादा म्हणाला, ह्या पोराला वर घ्या. वर गेल्यावर माहितीये काय होतं? खाली अख्खी गल्ली मान वर करून तुमच्याकडे बघते. मला आयुष्यात लोकांनी मान वर करून कधी बघितलं होतं का?"

मी पाण्याचा पेला पुढे केला. तो त्याने दोन्ही हातांनी धरला.

"मरणार का मी?"

"गोळ्या घेतल्यास तर नाही." हे मी डॉक्टरांना आधी विचारून घेतलं होतं. नाहीतर बोलले नसते.

त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत मी रोज वर जायला लागले. माझ्या कामात हे बसत नव्हतं. पण माणूस मोजायचा, कागद द्यायचा आणि पुढचं नाव पुकारायचं, यात आपण मोजलेल्या माणसाचं पुढे काय झालं हे कधी कळत नाही. या एकाचं तरी मला कळायला हवं होतं.

गोपाळकाला चार-पाच दिवसांवर आला तेव्हा त्यांच्या पथकाचे प्रशिक्षक भेटायला आले. सगळे त्यांना बाळादादा म्हणत. पन्नाशीचा, आडव्या बांध्याचा माणूस, दिवसा एका बँकेत शिपाई. हातात शहाळं. मी निघायला लागले तर सिद्धेशने मास्कमधूनच म्हटलं, "मॅडम, तुम्ही थांबा."

बाळादादा स्टूल ओढून बसले. "काय रे, टीबी म्हणे? होतो बरा. माझ्या भावाला झाला होता. ह्या वर्षी राहू दे, पुढच्या वर्षी वर."

"दादा, पुढच्या वर्षी पण नाही." सिद्धेश छताकडे बघत होता. "मला एचआयव्ही आहे. जन्मापासून. आईला होता. त्याच्यामुळे माझी हाडं कच्ची आहेत. डॉक्टरनी होळीनंतरच सांगितलं होतं, चढू नको. मी कोणाला बोललो नाही."

बाळादादांच्या हातातलं शहाळं तसंच राहिलं. मी मनात नको नको ते आणलं. आता हा माणूस उठेल, हात धुवायला जाईल, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळेल. असं झालेलं मी पाहिलेलं आहे.

"मागल्या वर्षी सरावात तू सटकलास," बाळादादा म्हणाले. "गुडघा फुटला होता. रक्त मी पुसलं होतं. माझ्या हाताने."

सिद्धेशने डोळे मिटले. मी घाईघाईने पुढे झाले. "हे बघा, तेव्हा तो गोळ्या नीट घेत होता. रक्तात विषाणू जवळजवळ नव्हताच. तुमच्या हाताला जखम नसेल तर घाबरायचं काही कारण नाही. तरी शंका असेल तर खालीच तपासणी होते..."

"तसं नाय मॅडम." त्यांनी माझं बोलणं मध्येच थांबवलं. "रक्त पुसलं आणि त्याला आई-बहिणीवरून शिव्या घातल्या. म्हटलं, रडतोस काय, चढ परत. आणि हा परत चढला. कच्च्या हाडांचं पोर मी परत सातव्यावर चढवलं. खाली पडला असता तर?"

त्यांनी शहाळं खाटेखाली ठेवलं, ते कलंडलं, मग पुन्हा नीट ठेवलं. उठताना सिद्धेशच्या पायांवरची चादर सारखी केली आणि दोन्ही हातांनी त्याचे घोटे धरून थोडा वेळ उभे राहिले. पथकात खालचा माणूस वरच्याला असंच धरत असेल. मी काही कधी थर जवळून पाहिलेले नाहीत.

त्या वर्षी त्यांच्या पथकाने सातच थर लावले. पोरं चिडली, दुसरं पथक पुढे गेलं म्हणून भांडणं झाली. बाळादादांनी कारण विचारणाऱ्या सगळ्यांना एकच सांगितलं, "माणूस आजारी आहे." पुढे एक अक्षर नाही.

सगळं छान झालं असं मात्र नाही. सिद्धेशचा लहानपणापासूनचा जो मित्र त्याच्यासोबत वॉर्डमध्ये राहायला यायचा, त्याला खाटेजवळच्या औषधांवरून कळलं. तो यायचा बंद झाला. चाळीत बोलला नाही, हे त्याचे उपकार. पण समोरून येताना दिसला की जिन्यावरून परत फिरायचा. सिद्धेश हे सांगायचा तेव्हा हसून सांगायचा. ते हसणं मला कधी बघवलं नाही.

टीबीची औषधं चालली, एचआयव्हीची गोळी पुन्हा सुरू झाली, आणि टीबीचा कोर्स संपल्यावर या गोळीतलं हाडांवर ताण टाकणारं औषध डॉक्टरांनी बदललं. मावशीने घरात नाचणी, तीळ, सुकट, काट्यासकट खाता येतील असे छोटे मासे यांचा धडाका लावला. सकाळी लवकर तो लालबागहून चालत शिवाजी पार्कला जायचा, मैदानाला फेऱ्या मारायचा आणि चालत परत. एका औषधांच्या घाऊक दुकानात त्याला मोजदादीचं काम मिळालं. गोपाळकाल्याच्या दिवशी तो घरातून बाहेर पडत नसे. गल्लीत ढोल वाजायला लागले की खिडकी लावून घेतो, असं मावशी सांगायच्या.

दोनेक वर्षांनी, मी निवृत्त व्हायच्या आदल्या महिन्यात, त्याची पुढची तपासणी होती. दोघं आली. टेबलाजवळ त्याच्या खिशातून किल्ली खाली पडली. मावशी ती उचलायला वाकल्या आणि वाकल्या तशाच राहिल्या. एका हाताने टेबलाची कड धरून, ओठ दाबून, हळूहळू वर आल्या. मी त्यांच्या पाठीकडे नीट पाहिलं. मणक्याला पोक आलं होतं. पहिल्यांदा आल्या होत्या तेव्हा त्यांची उंची माझ्याएवढी होती. आता त्या माझ्या कानाला लागत होत्या.

"पाठ कधीपासून दुखते, मावशी?"

"दुखता तां दुखता. मिरचीची पोती उचलूक लागतत."

सिद्धेशने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मला वाटतं, इतक्या वर्षांत तिची पाठ त्याने पहिल्यांदाच पाहिली. तो म्हणाला, "मॅडम, हिची पण करा." मी डॉक्टर बाईंना फोन केला, त्या स्वतःच खाली आल्या, त्यांनी मावशीला तपासलं आणि तिथेच चिठ्ठी लिहून दिली.

आधी सिद्धेशची तपासणी झाली, मग मावशीला टेबलावर घेतलं. त्यांच्या लुगड्यातून मी पाच-सहा पिना काढल्या. यंत्राचा हात सरकायला लागला तशा त्या देवाचं नाव घ्यायला लागल्या. सिद्धेश माझ्या मागे पडद्याशी उभा होता. पडद्यावर मणके एकेक करून उमटत गेले. त्यातला एक नीट चौकोनी नव्हता. बाजूने दबून चेमटला होता. कधीतरी, कुठलंतरी पोतं उचलताना मोडला असणार, आणि ही बाई दुसऱ्या दिवशी तशीच कामावर गेली असणार. खाली आकडा आला. सिद्धेशला आता आकडे वाचता येत होते.

"माझ्यापेक्षा खाली?" त्याने हळूच विचारलं.

"खूप खाली," डॉक्टर बाई म्हणाल्या. "पण औषध आहे. उद्यापासून सुरू करू. आणि पोती बंद."

त्याने पडद्यावरच्या त्या चेमटलेल्या मणक्यावर बोट ठेवलं आणि ते तसंच ठेवून उभा राहिला.

टेबलावरून मावशीचा आवाज आला. "काय कुजबुजतास? माझा जाऊंदे. तेचा काय इला, तां आधी सांगा."

डॉक्टर बाईंनी त्याचा अहवाल वर धरला. "वाढलंय, मावशी. थोडंच, पण वाढलंय."

मावशी उताण्या पडल्या होत्या तशाच हात जोडून पडून राहिल्या. मी यंत्राचा हात मागे घेतला, त्यांच्या मानेखाली हात घालून त्यांना उठवलं. त्या कडेला बसून पायाने चपला चाचपडायला लागल्या. सिद्धेश जमिनीवर बसला. त्याने एक चप्पल घेतली, तिचा पाय धरला, टाच नीट आत सरकवली, मग दुसरी.

"अरे, माका घालूक येतत," ती म्हणाली.

"बस गप," तो म्हणाला, आणि उठता उठता तिच्या कमरेला हात घालून त्याने तिचा सगळा भार स्वतःवर घेतला.